साठीनंतर सोबत शोधायची, तर आधी वही घ्या

दादरला एका जाहिरात एजन्सीच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं छोट्या जाहिराती घेतल्या. 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' हा रविवारचा रकाना माझ्याकडे असायचा. शब्दावर पैसे पडत, म्हणून माणसं समोर उभं राहून एकेक शब्द खोडत. पन्नाशीपुढचे गृहस्थ यायचे, ते 'पाश नसलेली' हे दोन शब्द हमखास ठेवायचे. पाश म्हणजे मुलंबाळं. मागे दोन लेकरं असलेल्या कितीतरी बायका त्या दोन शब्दांनी गाळल्या गेल्या, आणि ते शब्द मी माझ्या हाताने लिहून घेतले, याचं वाईट अजून वाटतं.

मी आता ६४ वर्षांची आहे. २०१९ मध्ये हे गेले. परळला मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर राहते. माझ्याकडे मुलाचा जुना फोन आहे, तोही भरला की ॲप बंद पडतं. घरातला लॅपटॉप नातीच्या अभ्यासाचा, मला रविवारी दुपारी तासभर मिळतो. एवढ्या साधनांवर इंटरनेटवर सोबत शोधताना मी दीड वर्षात जे शिकले, ते माझ्यासारख्यांसाठी लिहिते आहे.

पहिलं काम वहीत करा. मशीन उघडल्यावर 'स्वतःबद्दल लिहा' असा चौकोन येतो, आणि घाईत माणूस नको ते लिहून बसतो. मी पहिल्यांदा 'एकटी आहे' असं लिहिलं होतं. आठवड्यात अकरा निरोप आले, त्यातले नऊ चाळिशीच्या आतल्या मुलांचे. 'एकटी', 'एकाकी', 'आधार हवा' हे शब्द फसवणारे शोधतच असतात. पेन्शन, फ्लॅट, ठेवी यांचा उल्लेखही नको. मग मी दोन दिवस खाडाखोड करून हे लिहिलं:

"वय ६४. मुलगा, सून, नात यांच्याबरोबर मध्य मुंबईत राहते. सकाळी चालते, नाटकं बघते, बांगड्याचं तिखलं उत्तम करते. गुडघा दुखतो, जिने हळू चढते. लग्नाचं ठरवलेलं नाही. आठवड्यातून एकदा भेटून बोलता येईल, नाटकाला बरोबर जाता येईल असं माणूस हवं. मुलं-नातवंडं असलेल्यांनी जरूर लिहावं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. गुडघ्याचंही. ज्याला जिन्यावर थांबायचा कंटाळा आहे त्याने आधीच बाजूला व्हावं. लग्न हवंय, एकत्र राहायचंय की नुसती सोबत, हे पहिल्या चार ओळींत यायलाच हवं. माझ्या काउंटरवर निम्मी भांडणं हे न लिहिल्यामुळे व्हायची. फोटो या वर्षातला, उजेडातला, एकटीचा. मागे बिल्डिंगचं नाव किंवा दाराची पाटी दिसू देऊ नका. नातवंडांचे फोटो तर मुळीच नको.

टाइप करायला जमत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेला बोट लावून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. भाषा आधी मराठी करून घ्यावी लागते, ते घरच्या कोणाकडून एकदाच करून घ्या. अक्षरं मोठी करायची सोयही फोनच्या सेटिंगमध्ये असते.

नाव कुठे नोंदवायचं? टिंडर, बंबल या ओळखी जुळवणाऱ्या ॲपवर फोटो सरकवत बसावं लागतं. वयाची मर्यादा लावता येते, पण मला तिथे जीव रमला नाही. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी अशा लग्न जुळवणाऱ्या साइटवर विधवा, विधुर, घटस्फोटित असं स्पष्ट नोंदवता येतं आणि माणसं जास्त लिहितात. पण तिथे लग्नाचीच अपेक्षा असते, तेव्हा नुसती सोबत हवी असेल तर तसं ठळक लिहा. पहिल्याच दिवशी पैसे भरून मोठा प्लॅन घेऊ नका. महिनाभर फुकटात काय दिसतं ते बघा. मशीन अजिबात नको वाटत असेल, तर माणसांनी चालवलेली कामंही आहेत. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी काम उभं केलं, प्रत्यक्ष मेळावे घेतले. अशा मेळाव्यात आपल्या वयाची माणसं समोर बसलेली दिसतात, त्याने भीड फार लवकर मोडते.

नोंदणीसाठी वेगळा ईमेल उघडा आणि बँकेला जोडलेला नंबर कोणालाही देऊ नका. फोनमध्ये दोन सिम बसत असतील तर दुसरं स्वस्तातलं सिम घ्या. पासवर्ड मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते आणि वही कपाटात ठेवते. हे चालतं.

सायबर कॅफेत जावं लागलं तर ओळखपत्र न्या, ते मागतात. पासवर्ड साठवू का असं मशीनने विचारलं की 'नाही' म्हणा, उठताना लॉगआउट करा. मी एकदा तशीच उठून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने चौघांना निरोप गेले होते. नातीने पासवर्ड बदलून दिला तेव्हा जीव भांड्यात पडला. बँकेचं काम आणि ओटीपी कॅफेतल्या मशीनवर कधीच नको.

आता फसवणुकीचं, कारण यात माझे बेचाळीस हजार जाता जाता राहिले.

एका गृहस्थांनी आपण लंडनला हृदयाचे डॉक्टर आहोत, असं मला सांगितलं होतं. आडनाव आपलं, मराठीही बरी. रोज सकाळी विचारपूस, रात्री जेवलात का. दीड महिना. आमच्याकडे हा प्रश्न मला बरेच दिवसांत कोणी विचारला नव्हता, हे मी आजही नाकारत नाही. व्हिडिओ कॉल म्हटलं की त्यांचा कॅमेरा बिघडलेला. मग म्हणाले, तुमच्यासाठी भेट पाठवली आहे. दोन दिवसांनी एका बाईंचा फोन: पार्सल विमानतळावर अडकलंय, कस्टमचे ४२,००० भरा, नाहीतर केस होईल.

माझ्या फोनवर पैसे पाठवायची सोय नव्हती. म्हणून पासबुक घेऊन बँकेत गेले, रांगेत उभी राहिले, स्लिप भरायला घेतली. नावाच्या रकान्यात ना त्या डॉक्टरांचं नाव होतं, ना कस्टमचं. तिसऱ्याच कोणाचं तरी वैयक्तिक खातं, तेही दुसऱ्या राज्यातल्या शाखेतलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, हे तुमचे कोण लागतात?" मला उत्तर देता येईना. मी स्लिप फाडली. हातात सगळं झटपट करणारा फोन असता तर पैसे दोन मिनिटांत गेले असते. म्हणून आजही पैशाची कुठलीही गोष्ट मी फोनवर ठेवत नाही.

हे पक्कं धरा. सरकारी कस्टम खातं कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगत नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फोनची स्क्रीन दाखवणारं कुठलंही ॲप कोणी उतरवायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. फोटोची शंका आली तर गूगल लेन्स या फोटोवरून शोधायच्या सोयीत टाकून बघा, तोच चेहरा दुसऱ्या नावाने दिसतो का. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढे सरकण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त. इतर अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

बोलणं कसं वाढवायचं? आठवडाभर लिहा, मग फोनवर बोला, मग एकदा व्हिडिओ कॉल, आणि महिन्याच्या आत भेट. व्हिडिओ कॉल दोनदा टाळला की माझ्याकडून नमस्कार. मी प्रत्येकाचं वहीत एक पान करते: काय सांगितलं, कुठल्या तारखेला. खोटं बोलणारा माणूस मुलांची संख्या विसरतो.

भेट अकरा ते चारच्या मध्ये ठेवा, लोकलला गर्दी कमी असते. दादर सोयीचं, पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरून येता येतं. शिवाजी पार्कचा कट्टा मला सगळ्यांत आवडतो. झाडांची सावली, येणारीजाणारी माणसं, आणि नको वाटलं तर उठून चालायला लागायचं. आस्वादला किंवा प्रकाशला खायला जा, पण तिथे टेबलासाठी लोक ताटकळत असतात, लांबलचक बोलणं व्हायचं नाही. बिल आपापलं द्या. घरी बोलवू नका, त्यांच्या घरी जाऊ नका, निदान पहिल्या चार-पाच भेटी. कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत हे घरातल्या एकाला सांगून जा. मी सुनेला सांगते. मुलाला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "आई, पोचलीस की फोन कर."

लग्नापर्यंत गोष्ट गेली तर आधी पेन्शनचं विचारा. ईपीएस ९५, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेतली विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. बाकी कौटुंबिक पेन्शनचे नियम आपापल्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करताना ३० दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करून ठेवा आणि त्याबद्दल मुलांना आधीच सांगा. मुलांच्या मनातली भीती बहुतेकदा घराची असते. ती कागदावर मिटली की ती माणसं निवळतात.

मुलुंडचे एक गृहस्थ गेले चार महिने दर गुरुवारी कट्ट्यावर येतात. दोन मुली, तीन नातवंडं. पहिल्या भेटीला त्यांनीही खिशातून छोटी वही काढली, मला विचारायचे प्रश्न लिहून आणले होते. सातवा प्रश्न होता, "तुमचा मुलगा माझ्याशी बोलेल का?" तो फोन अजून झालेला नाही. या महिन्यात करायचा आहे.