जुन्या गाडीत पाणी शिरतंय? सिलिकॉनची नळी उघडण्याआधी या चुका टाळा

गाडीत पायाशी ओल दिसली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय एकच होतो: पुढच्या काचेच्या कडेला सिलिकॉन फिरवायचं. पुढच्या झडीत गाडी पुन्हा ओली होते, मग आणखी सिलिकॉन. पाणी काचेतून येतच नसेल तर हा खर्च वाया जातोच, शिवाय खरी दुरुस्ती अवघड होऊन बसते.

विदर्भात हा त्रास जास्त का, हे आधी समजून घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. उघड्यावर उभ्या गाडीचं रबर त्या उन्हात कडक होतं, आक्रसतं, त्याला बारीक भेगा पडतात. पांदण रस्त्याची धूळ आणि काळी माती निचऱ्याच्या छिद्रांत बसते. अंगणातल्या निंबाचा पाला बोनेटच्या मागच्या जाळीत साचतो. मग मृग लागतो आणि दोन-तीन दिवसांची झड या सगळ्या उणिवा एकदम उघड्या पाडते. म्हणून तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यातच करावी. तेव्हा ऊनही असतं आणि कार्पेटखालचा भिजलेला नमदा (जाड अस्तर) वाळवायला वेळही मिळतो.

चूक १: ओल दिसली तिथेच गळती शोधणं

पाणी शिरतं एका जागी आणि साचतं दुसऱ्या जागी. डॅशबोर्डच्या मागून आलेलं पाणी वायरिंगच्या जाड जुडग्यावरून सरकत जातं, पत्र्याच्या खोलगट भागातून वाहतं आणि गाडी उताराला मागे कललेली असेल तर थेट मागच्या सीटखाली दिसतं. त्यामुळे ओल कुठे आहे याच्याही आधी ती कधी येते ते पाहा.

उभी गाडी पावसात भिजून ओली होत असेल तर संशय वरच्या बाजूवर: काच, छताची पन्हळ, बोनेटमागची जाळी. चालत्या गाडीतच पाणी येत असेल तर दरवाजाचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), चाकाच्या वरचा पत्रा आणि बुडाची भोकं तपासा. नाल्यातून गाडी काढल्यावरच ओल येत असेल तर बूड आणि बुडाची रबरी बुचं. पाऊस नसताना, फक्त एसी लावल्यावर पुढच्या डाव्या बाजूला पाणी येत असेल तर तो एसीच्या निचऱ्याचा दोष आहे. त्याला बाहेरून काहीही फासून फरक पडत नाही.

चूक २: सर्व्हिसिंगच्या प्रेशरने पाणी मारून तपासणं

प्रेशरचं पाणी चांगल्या रबरातूनही आत घुसतं, त्यामुळे नसलेली गळती दिसते. घरचा साधा नळीचा पाईप पुरेसा आहे, तोही तोटी न लावता, मंद धारेने.

आधी सीटखालचं कार्पेट आणि नमदा काढा. पुढच्या सीटला सहसा चार बोल्ट असतात, बहुतेक गाड्यांत १२ किंवा १४ नंबरच्या पान्याने निघतात. एअरबॅग असलेली गाडी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून थोडा वेळ थांबा, मगच सीटखालचे कनेक्टर सोडवा. पत्रा कोरडा पुसून संशयाच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पाणी गेलं की पावडरीत ओघळ उमटतो.

एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून पाणी सोडेल. सुरुवात खालून करायची: आधी दरवाजाची खालची कड, मग मधला भाग, मग काचेचे खालचे कोपरे, वरची कड, शेवटी छत. प्रत्येक जागी ५ ते १० मिनिटं धार धरा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून आत गेलं ते कळत नाही. ही एक गोष्ट न पाळल्यामुळे बरीच मेहनत फुकट जाते.

पाण्याने सापडलं नाही तर फेसाची पद्धत वापरा. सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगाने लावा आणि काचेच्या, दिव्यांच्या, छताच्या सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावा. फट असेल तिथे बुडबुडे फुगतात. आतली हवा बाहेर जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेली झडपेची जागा असते, अनेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आड किंवा डिक्कीच्या बाजूला. तिथून हवा येणारच, ती बुजवू नका.

चूक ३: निचऱ्याची छिद्रंच बंद करणं

गाडीच्या पत्र्यात काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. वायपरच्या खाली, बोनेट आणि काचेच्या मधे जी जाळी असते, तिच्याखाली एक पन्हळ आहे. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांनी मडगार्डच्या आतून खाली जातं. ब्लोअर बाहेरची हवा याच पन्हळीतून घेतो. निंबाचा, बाभळीचा पाला कुजून टोकं तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून गाडीत येतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला असतो, म्हणून ओलही डाव्या पायाशी दिसते आणि लोक काचेला दोष देतात.

जाळी काढून पाला हाताने वेचा, आत ढकलू नका. मग पन्हळीच्या एका टोकाला मगाने हळूहळू पाणी ओता. काही सेकंदांत ते पुढच्या चाकाच्या मागे जमिनीवर पडायला हवं. थेंबथेंब येत असेल तर मडगार्डच्या आतला प्लास्टिकचा पडदा खोलून काळी माती काढा. ही ओली माती तिथेच राहिली तर पायरीचा पत्रा आतून खाते, आणि बाहेरून रंगाला फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही.

दरवाजाच्या खालच्या कडेलाही अशी दोन ते चार छिद्रं असतात. ती प्लास्टिकच्या केबल टायने किंवा बांबूच्या काडीने मोकळी करा. खिळा किंवा तार घातली की रंग खरवडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

चूक ४: दरवाजातलं प्लास्टिक फाडून फेकणं

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. खिडकीच्या काचेलगतच्या रबरातून थोडं पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतंच. ते अडवायचं नसतं, खालच्या छिद्रांतून बाहेर काढायचं असतं. हे पाणी आतल्या पॅनेलवर येऊ नये म्हणून पत्र्यावर प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना, काच वरखाली करायचं यंत्र बदलताना हा पडदा फाटतो, कधी परत लावलाच जात नाही. मग पाणी पॅनेलच्या आतून उतरून उंबऱ्यावरून कार्पेटखाली जातं, वरून मात्र काहीच दिसत नाही.

नवा पडदा घरी करता येतो. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा कागद शिल्लक असेल तर उत्तम. मल्चिंगचा कागद २५–३० मायक्रॉनचा असतो, तो लगेच फाटतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा ताठ असतो, वळणावर चिकटत नाही. जुना पडदा मापाला ठेवून कापा, हँडल आणि वायरच्या जागी लहानात लहान चीर द्या. चिकटवायला ब्यूटाइलची (चिकट रबराची) टेप किंवा दोरी वापरा. ती मऊ राहते, पुढे पॅनेल खोलावं लागलं तरी निघते. फेव्हिकॉल प्रकारचा गोंद इथे टिकत नाही.

खालची कड ही खरी मेख आहे. ती पत्र्याच्या फटीतून दरवाजाच्या आत गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत पोकळीत पडेल. घरावरची कौलं जशी वरचं खालच्यावर पाणी सोडेल अशी बसवतात, तीच रीत. कड बाहेर राहिली तर पडदा असून नसल्यासारखा.

चूक ५: काचेला बाथरूमचं सिलिकॉन

लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी काच चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट धरत नाही. पुढे काच नीट बसवायची झाली तर तो थर कण न् कण खरवडावा लागतो.

आधी काच कशी बसवली आहे ते पाहा. मारुती ८००, ओम्नी, अँबेसेडर यांच्या काचेभोवती जाड रबर असतं, एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्रा. अशा ठिकाणी रबराचा ओठ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचला, आतली धूळ काढा आणि काचेच्या बाजूने व पत्र्याच्या बाजूने, दोन्हीकडे, न सुकणारं काळं विंडशील्ड सीलंट भरा. वर आलेलं लगेच पुसा. रबर नखाने दाबल्यावर मऊपणा नसेल तर सीलंटवर पैसे घालू नका, रबरच बदला. मारुती ८०० २०१४ मध्ये बंद झाली, ओम्नी २०१९ मध्ये. सुटं रबर अजून मिळतं, पण दुकानात वर्षानुवर्षं पडून ताठ झालेलं घेऊ नका. विकत घेताना दुमडून बघा, भेगा दिसल्या तर परत द्या.

रबर बदलताना रबराच्या पत्रा बसतो त्या खाचेत ४–५ मिलिमीटरची नायलॉन दोरी भरायची, साबणपाणी लावायचं, काच रबरासकट बाहेरून टेकवायची. आतला माणूस दोरी ओढत जातो, बाहेरचा तळहाताने दाब देत जातो. दोन माणसांशिवाय हे करू नये. खालच्या कोपऱ्यांत पत्रा गंजलेला निघाला तर आधी तो दुरुस्त करायचा. खाल्लेल्या पत्र्यावर कुठलंच सीलंट तग धरत नाही.

नंतरच्या गाड्यांत काच थेट चिकटवलेली असते. ती सुटली असेल तर काच बसवणाऱ्या कारागिराकडूनच काढून प्रायमर आणि पीयूने बसवून घ्या. पुढचे २४ तास एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद असताना दरवाजा आपटला की आतल्या हवेचा दाब ताज्या सांध्यावर येतो.

चूक ६: बीडिंगला इंजिन ऑइल

ऑइल, डिझेल, व्हॅसलीन, यातलं काहीही लावलं तरी बीडिंगचं रबर फुगतं आणि आकार सोडतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात.

बीडिंग दाबतं की नाही हे वर्तमानपत्राच्या पट्टीने पाहा. पट्टी मधे ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर तिने विरोध केला पाहिजे. सैल निघाली तर लगेच नवं बीडिंग आणू नका. दरवाजा टोकाला धरून वर उचला. तो हलला तर बिजागरी झिजली आहे, आणि नव्या बीडिंगनेही फट तशीच राहील. बिजागरी ठीक असेल तर लॉक अडकतं तो स्ट्रायकर एक-दोन मिलिमीटर आत सरकवा. सरकवण्याआधी त्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

इतर जागा

छताच्या दोन्ही कडांच्या पन्हळीतला सीम सीलर (पत्र्याच्या सांध्यात भरलेला लेप) उन्हाने तडकतो, तो खरवडून नवा भरावा. कॅरिअरचे बोल्ट, अँटेनाचं बूड, मागच्या दिव्यांचं गॅस्केट हेही बघा. डिक्कीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असेल तर बहुधा दिवाच दोषी असतो.

गाडीतून धान्याची, सरकी ढेपीची पोती नेत असाल तर उंदरांचा विचार करा. डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून वायरी आणि क्लचची केबल जिथून आत येते, तिथलं ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) ते कुरतडतात. बुडाच्या रबरी बुचांपैकी एखादं नसेल तर शेजारचं काढून मापाला न्या. त्या भोकात एम-सील भरू नका, पत्रा थरथरला की ते सुटतं.

चूक ७: एसीचं पाणी आणि कूलंट यांत गल्लत

एसीचं पाणी साधं, बिनवासाचं; कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव. एसी पंधरा-वीस मिनिटं चालवूनही गाडीखाली थेंब पडत नसतील तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा आत निसटली आहे. कुंभारीण माशी या नळीत मातीचं घर करते. मऊ प्लास्टिकच्या नळीने खालून साफ करा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर आतला जोड निसटू शकतो.

ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर हीटरचं रेडिएटर फुटलंय. रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करायची पूड टाकू नका, हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात. सांडलेलं कूलंट कुत्रं, वासरू चाटणार नाही असं पुसून घ्या, ते विषारी आहे.

वाळवणं आणि गंज

कार्पेट वरून वाळलं तरी खालचा नमदा पाणी धरून ठेवतो. तो बाहेर काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. झड असेल तर घरात पंख्याखाली. पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), मग प्रायमर, रंग आणि सांध्यांवर सीम सीलर. भोक पडलं असेल तर पत्रा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा आणि त्या जागेजवळून पेट्रोलचा पाईप जातो का ते पाहा. ओल्या गंजावर बुडाला डांबरी लेप दिला तर ओल आतच कोंडते आणि पत्रा आणखी झपाट्याने जातो.

दुरुस्ती झाली की त्याच नळीने, त्याच क्रमाने पुन्हा तपासा. एक मोठा पाऊस पडून पत्रा कोरडा राहिल्याशिवाय नमदा आणि कार्पेट परत बसवू नका.