जुन्या गाडीच्या एसीचं लिकेज शोधताय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "एसी थंड करत नाहीये, जरा गॅस भरून द्या." गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी वॅगनआर, सँट्रो किंवा इंडिका असली, तर मालकाने हा खर्च दर साली गृहीतच धरलेला असतो. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद सर्किटमध्ये फिरत राहतो. जुन्या रबरी होजमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो हे खरं, पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर लिकेज आहेच. ते न शोधता पुन्हा गॅस भरला, तर तोही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निघून जाणार. शिवाय हा गॅस, म्हणजे आर-१३४ए, हवेत गेल्यावर वजनाला वजन धरून शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून निदान नीट होणं माझ्या मते खिशापलीकडेही महत्त्वाचं आहे.

गॅस गेलाय, हे न तपासताच ठरवणं

चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढची जाळी) पंखा फिरतोय का ते बघा. ब्लोअर पूर्ण ठेवूनही हवा कमी येत असेल तर डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल धुळीने चोंदलेली असू शकते. हीटरची केबल सैल होऊन गरम हवा मिसळत असेल, तर सर्किटमध्ये गॅस भरपूर असूनही गारवा लागत नाही. गाडीखाली टपकणारं स्वच्छ पाणी तर चांगलं लक्षण, कॉइलवर हवेतला दमटपणा साचून ते येतं. तेच पाणी डाव्या सीटच्या पायाशी आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय. त्याचा गॅसशी संबंध नाही.

गॅसचा दाब मोजणारा मीटर लावल्यावरही फसगत होते. इंजिन बंद असताना, ३० अंश तापमानाला, काटा ९५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दिसला की "गॅस फुल आहे" असं सांगून टाकतात. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी तापमानाप्रमाणे तेवढंच प्रेशर दिसतं. दीडशे ग्रॅम असो की चारशे, काटा तोच. काटा ३०-४० वर असेल तर मात्र गॅस जवळपास संपलाय, एवढं नक्की.

इंजिन धुऊन गाडी दाखवायला नेणं

स्वच्छ गाडी न्यावी ही भावना चांगली, पण त्यात पुरावा धुऊन जातो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही सर्किटभर फिरतं. जिथून गॅस निसटतो तिथे ते तेल पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च घेऊन बघा: कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात जाळीचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा काळपट आणि ओलसर दिसतो. अॅल्युमिनियमचा पाइप क्लॅम्पला घासत असेल तर तिथे चकाकता ओरखडा आणि भोवती तेलकट माती असते. रबरी होजच्या क्रिंपखाली (होज दाबून धरणारी धातूची कडी) बोट फिरवलं तर चिकट लागतं. कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचं) गेलं असेल तर कॉम्प्रेसरचा क्लच फिरताना तेल उडवतो आणि क्लचच्या रेषेत, बॉनेटच्या आतल्या बाजूलासुद्धा, शिंतोड्यांची पट्टी उमटते. समुद्रकिनारी वापरलेल्या गाडीत कंडेन्सर आधी बघा, कारण खाऱ्या हवेत त्याच्या जाळ्या लवकर खातात.

गॅस भरायच्या जागेवरचा व्हॉल्व्ह सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यावरचं प्लास्टिकचं टोपण हरवलेलं असतं आणि आतली पिन गळत असते. मीटर लावण्याआधीच तिथे साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. एकदा मीटर लावला की पिन हलते, मग आधी गळत होती की नाही ते कळायला मार्ग राहत नाही.

व्हॅक्यूम धरला म्हणजे लिकेज नाही, असं मानणं

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, कारण ती तपासणी केल्याचं समाधान देते. पंप लावून अर्धा तास व्हॅक्यूम मारला, म्हणजे सर्किटमधली हवा ओढून काढली, काटा हलला नाही, चला गॅस भरा. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त वातावरणाचा दाब येतो, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय. एसी चालू असताना हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला) २०० ते २५० पीएसआय असतं आणि तेही आतून बाहेर. काही ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) तर व्हॅक्यूममध्ये आत ओढल्या जाऊन तात्पुरत्या घट्ट बसतात आणि दाब आला की सोडतात. व्हॅक्यूम हवाच, पण तो आतली हवा आणि ओलावा काढण्यासाठी.

लिकेजसाठी कोरडा नायट्रोजन भरून १५० ते २०० पीएसआयला सर्किट बंद ठेवावं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे लगेच येतीलच असं नाही. बारीक गळतीला काही मिनिटांनी पांढरा, दाट फेस धरतो, म्हणून एक फेरी झाल्यावर पुन्हा पहिल्या जोडापाशी या. रात्रभर दाब ठेवणार असाल तर तापमान लिहून ठेवा. पहाटेपर्यंत हवा दहा अंशांनी उतरली, तर १५० चा काटा लिकेज नसतानाही पाचेक पीएसआय खाली येतो. नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटरशिवाय जोडू नये. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यातला ओलावा सर्किटमध्ये जातो.

"कॉइलच गेली असेल" म्हणून डॅशबोर्ड खोलणं

कूलिंग कॉइल दिसत नाही, म्हणून कुठे काही सापडलं नाही की संशय तिच्यावर. कित्येकदा तो खराही ठरतो. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर नसायचा, त्यामुळे धूळ आणि पानांचा चुरा ओल्या कॉइलवर साचून ती खालून सडते. पण जुन्या डॅशबोर्डच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, तुटल्या की कायमची खडखड. खोलण्याआधी पुरावा मागा. आर-१३४ए हवेपेक्षा जड असतो, म्हणून सर्किटमध्ये गॅस असताना गाडी थोडा वेळ बंद ठेवून, पाणी टपकत नाही हे पाहून, ड्रेन पाइपच्या तोंडाशी गॅस ओळखणारा डिटेक्टर धरावा. यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) घातली असेल तर त्याच पाइपच्या तोंडाशी हिरवट चमक शोधावी. आधीच्या कामातली डाय पुसली नव्हती, तर जुना डाग नवं लिकेज वाटतो, हे ध्यानात ठेवा. तरीही शंका असेल तर सर्किटमधला गॅस मशीनने काढून घ्यावा, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पाइप सोडून कॉइलच्या दोन्ही तोंडांना प्लग लावावेत आणि तिच्यात एकटीत नायट्रोजन भरावा. काटा उतरला तर बिनधास्त खोला, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा गॅस नियंत्रित करणारा) त्याच वेळी बदला, त्यासाठी पुन्हा सगळं उघडायला लागू नये.

झटपट उपाय

लिकेज बुजवणारं सीलंट एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकतं, शिवाय पुढच्या मेकॅनिकचं मशीनही खराब करतं. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर बंद ठेवणारा प्रेशर स्विच डायरेक्ट करून, म्हणजे वगळून, कॉम्प्रेसर चालवला तर गॅसबरोबर तेल फिरणं थांबतं आणि कॉम्प्रेसर जाम होतो. स्वस्तात एलपीजी भरून देणारेही भेटतात. गळक्या सर्किटमध्ये, बंद केबिनमध्ये ज्वलनशील गॅस घ्यायला ठाम नकार द्या.

दुरुस्तीनंतर

सोडलेल्या प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग, तेलाचा हात लावून. सर्किट उघडं राहिलं असेल तर ओलावा शोषणारा ड्रायर नवा. अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस वजन करून. छोट्या गाड्यांना बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, त्यामुळे "एक कॅन घातला" हा हिशेब चालत नाही. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्ट सीलला तेल मिळत राहील. भरलेल्या गॅसचं वजन आणि बदललेला भाग बिलावर लिहून घ्या. पुढे कधी गारवा कमी झाला, तर सर्किटमधून काढलेल्या गॅसचं वजन त्या आकड्याशी ताडून किती गळला ते सांगता येईल.