आर्मच्या अ‍ॅसेंबलरला चिप कोणती ते सांगा भो, नाहीतर तो काहीपण चालवून घेतो

रावेर-यावलकडे केळीच्या ड्रिपचे वॉल्व्ह चालवायला आपल्या भागातली पोरं आता स्वतःच बोर्ड बनवायला लागलीत, ब्लू पिल (आर्म प्रोसेसरचा छोटा तयार बोर्ड) घेऊन, मधला थोडा कोड अ‍ॅसेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) लिहून, आणि मला हे काम मनापासून आवडतं. पण थ्री फेज लाइट बऱ्याचदा रात्री असते, बोर्ड तेव्हा अडकला तर वॉल्व्ह सकाळपर्यंत उघडाच राहणार, म्हणून जे पकडता येईल ते घरीच लॅपटॉपवर पकडायचं.

त्या कोडचं मशीन कोड करून देणारा ग्नूचा अ‍ॅसेंबलर वापरा, उबंटूवर बिनयुटिल्स-आर्म-नन-ईएबीआय नावाचं पॅकेज टाकलं की झालं. खाली ऑप्शन देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं घ्या. रोजची कमांड अशी:

आर्म-नन-ईएबीआय-एएस -एमसीपीयू=कॉर्टेक्स-एम३ -एमथंब -जी -ओ मेन.ओ मेन.एस

यात सगळ्यात महत्त्वाचं -एमसीपीयू, म्हणजे प्रोसेसर कोणता ते सांगणं. ते दिलंच नाही तर अ‍ॅसेंबलर जवळपास सगळ्या आर्म प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन मुकाट्याने मान्य करतो. समजा स्वस्त पडतो म्हणून एसटीएम३२एफ०३० घेतला, तो कॉर्टेक्स-एम० आहे, त्यात हार्डवेअर भागाकार नाही, आणि कोडमध्ये एसडिव्ह (भागाकाराची इन्स्ट्रक्शन) लिहिलेलं आहे. चिप सांगितली नसेल तर फाइल बिनतक्रार तयार होते आणि ती इन्स्ट्रक्शन आली की बोर्ड हार्डफॉल्टमध्ये (चूक झाली की प्रोसेसर जिथे अडकतो तिथे) जाऊन बसतो. कॉर्टेक्स-एम० सांगितलं असतं तर तिथल्या तिथे एरर आली असती, निवडलेल्या प्रोसेसरला हे जमत नाही म्हणून, लाइन नंबरसकट. ब्लू पिलवरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये एम३ आहे, ७२ मेगाहर्ट्झचा, त्याला भागाकार येतो. -एममार्च=आर्मव्ही७-एम असं आर्किटेक्चर पण देता येतं, पण दोन्ही दिले तर -एमसीपीयूचंच चालतं, मग एकच द्या ना.

-एमथंब का, तर कॉर्टेक्स-एम फक्त थंब कोड (आर्मचा आटोपशीर इन्स्ट्रक्शन संच) चालवतो, जुना ३२ बिटवाला आर्म मोड त्यात नाहीच. सोबत फाइलच्या वरती .सिंटॅक्स युनिफाइड लिहाच, आणि प्रत्येक फंक्शनच्या लेबलआधी .थंब_फंक. हे ऑप्शन नाहीत, फाइलमधले डायरेक्टिव्ह, म्हणजे कोड बनवतानाच्या सूचना आहेत, पण यांच्याशिवाय वरचं सगळं अर्धवट. .थंब_फंक राहिलं तर व्हेक्टर टेबलमधल्या (प्रोसेसरने कुठे उडी घ्यायची त्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या) पत्त्याचा शेवटचा बिट १ होत नाही आणि प्रोसेसर पहिल्याच उडीला फॉल्ट देतो, बरेच जण इथेच अडकतात आणि दोष वायरिंगला देत बसतात.

कंडिशनवाली इन्स्ट्रक्शन, म्हणजे अ‍ॅडईक्यू (समान असेल तरच बेरीज) वगैरे, आधी आयटी (इफ-देन इन्स्ट्रक्शन) न लिहिता टाकली तर थंबमध्ये एरर येते. -एमइम्प्लिसिट-आयटी=ऑलवेज दिलं की आयटी आपोआप घातला जातो. शिकताना मात्र स्वतः लिहा असं माझं मत, म्हणजे कोडमध्ये किती बाइट जातायत ते डोळ्यासमोर राहतं. एम० वर आयटी नसतोच.

एम४ घेतला आणि त्यात एफपीयू (दशांश आकडेमोडीचं हार्डवेअर) असेल तर -एमएफपीयू=एफपीव्ही४-एसपी-डी१६ आणि -एमफ्लोट-एबीआय=हार्ड. इथे एकच नियम, सीच्या फाइली कंपाइल करताना पण हेच दोन्ही द्यायचे, एकीकडे हार्ड आणि एकीकडे सॉफ्ट झालं की लिंकर (सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जोडणारा प्रोग्रॅम) व्हीएफपी, म्हणजे दशांश आकड्यांच्या रजिस्टरवरून भांडतो.

बाकीचे पटकन सांगतो. --डेफसिम बोर्ड=१ दिलं की फाइलमध्ये .इफ लावून दोन बोर्डांसाठी एकच सोर्स ठेवता येतो. --फेटल-वॉर्निंग्ज लावून ठेवा, वॉर्निंग कोणी वाचत नाही पण एरर आली की वाचावीच लागते. -एएचएलएस=मेन.एलएसटी दिलं की लिस्टिंग मिळते, प्रत्येक ओळीसमोर तिचे हेक्स बाइट आणि खाली सिम्बॉल, ही फाइल रोज उघडून बघायची सवय लावा. -ईबी (यातली अक्षरं मोठी) मात्र लावू नका, तो बिग एंडियनसाठी (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या चिपसाठी) आहे आणि एसटीएम३२ लिटल एंडियन आहे.

फ्लॅश करण्याआधी रीडएल्फ या तपासणीच्या कमांडला -ए (मोठा ए) देऊन ऑब्जेक्ट फाइल तपासा, एम३ असेल तर आर्किटेक्चर व्ही७ आणि प्रोफाइल मायक्रोकंट्रोलर दिसेल, एम० ला व्ही६एस-एम. दुसरंच काही दिसलं तर आधी मेकफाइल (या कमांड लिहून ठेवलेली फाइल) उघडा, बोर्डाला हात नंतर लावा.