सर्व्हर रिस्टार्ट मारायच्या आधी हे बघा (फील्डवर नवीन आलेल्यांसाठी)

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स संपवून नुकतेच फील्डला लागला असाल तर आयपी, गेटवे, डीएचसीपी वगैरे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय. ते येत असूनही छोट्या ऑफिसातला सर्व्हर घाम फोडतो, आणि का फोडतो ते क्लासमध्ये कोणी सांगत नाही. मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपवाल्यांच्या आणि ट्रेडिंगवाल्यांच्या एएमसी (वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं) बघतो. सेटअप सगळीकडे साधारण तोच, दहा-पंधरा पीसी, टेबलाखाली एक टॉवर ज्याला सर्व्हर म्हणायचं, त्यावर टॅलीचा डेटा आणि शेअर केलेले फोल्डर, आयएसपीचा राउटर आणि एक साधा स्विच.

फोन नेहमी एकच, "नेट गेलंय, लवकर या". गाडीला किक मारायच्या आधी विचारा, मॅडम गूगल उघडतंय का, आणि सगळ्यांचं अडलंय की तुमचं एकटीचंच? गूगल चालू आणि टॅली बंद असेल तर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसायची गरज नाही, घोळ ऑफिसच्या आतच आहे. एकाचंच बंद असेल तर त्या पीसीची केबल, जॅक, स्विचचा पोर्ट. केबल उंदराने अर्धवट कुरतडली की प्रत्येक वेळी लिंक तुटतेच असं नाही, गिगाबिटची १०० एमबीपीएसवर येते, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोन पुरतात, मग "टॅली स्लो आहे" अशी तक्रार येते आणि लोक रॅम वाढवत बसतात. स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकत असतील तर झाडपूस करताना कोणीतरी लोंबणारं टोक परत त्याच स्विचमध्ये खोचलंय, लूप झालाय, काढून टाका. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून सोपं.

न दिसणारं म्हणजे आयपी कॉन्फ्लिक्ट, एकच आयपी दोन डिव्हाइसकडे. ह्यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण माझी झोप ह्यानेच उडवली होती.

एका क्लायंटकडे सर्व्हर शुक्रवारी सकाळी गायब व्हायचा. दर शुक्रवारी नाही, पण झाला तर शुक्रवारीच. सकाळी रिस्टार्ट करून फरक नाही, अकराच्या पुढे रिस्टार्ट केला की एकदम छान, आणि सगळे म्हणणार बघा रिस्टार्टनेच झालं. आता ह्यामागे काय होतं ते बघा. सर्व्हरला हाताने १९२.१६८.१.१० दिलेला होता. जुन्या राउटरचा डीएचसीपी पूल (राउटर आपोआप वाटतो त्या आयपींची रेंज) १९२.१६८.१.१०० पासून पुढे होता म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग फायबर घेतलं, त्याच्याबरोबर नवीन राउटर आला, त्याचा पूल डिफॉल्ट २ ते २५४. म्हणजे आपला १० आता वाटपात आला. तरी रोज काही होत नाही, कारण सर्व्हर चालू असेल तर बरेच राउटर आयपी देण्याआधी तो रिकामा आहे का ते तपासतात. पण आमच्याकडे गुरुवारी सुट्टी आणि त्यात मेंटेनन्सला लाइट जाते. लाइट आली की राउटर आपोआप चालू होतो, कोणाला काय दिलं होतं ते विसरलेला असतो, आणि सर्व्हर मात्र मॅडम शुक्रवारी नऊला येऊन बटण दाबेपर्यंत बंदच. त्याआधी डिस्पॅचचा पोरगा आठला शटर उघडतो, त्याचा मोबाइल वायफायला लागतो आणि राउटर त्याला १० देऊन टाकतो. नऊला सर्व्हर उठतो, नेटवर्कवर विचारतो १० कोणाचा, मोबाइल म्हणतो माझा. विंडोज मग स्वतःचा स्टॅटिक आयपी गुमान सोडतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो, ज्यावर बाकीच्या पीसींना तो सापडत नाही. साडेदहाला पोरगा टेम्पोबरोबर डिलिव्हरीला बाहेर पडतो. १० मोकळा होतो, पुढचं समजलंच.

मेख अशी की सेटिंगची विंडो उघडली तर तिथे १९२.१६८.१.१० च दिसतो, अगदी बरोबर. त्या विंडोवर विश्वास ठेवू नका. कमांड प्रॉम्प्टला आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा, तिथे त्या आयपीपुढे डुप्लिकेट असं येतं.

आणि खात्री कशी करायची? सर्व्हरची केबल सरळ काढा. दुसऱ्या पीसीवर ॲडमिन म्हणून एआरपी मायनस डी स्टार मारून एआरपीच्या (कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या नंबरचा, ह्याच्या) जुन्या नोंदी पुसा, हे विसरलात तर सर्व्हरचीच जुनी नोंद दिसेल आणि फसाल. आता १९२.१६८.१.१० ला पिंग करा. उत्तर आलं तर प्रश्नच मिटला, पण नाही आलं तरी लगेच एआरपी मायनस ए बघा, कारण काही डिव्हाइस पिंगला गप्प बसतात पण एआरपीला उत्तर देतात. १० समोर मॅक ॲड्रेस दिसला म्हणजे सर्व्हर नसतानाही तिथे कोणीतरी बसलंय. त्या मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर बहुतेक मोबाइलच, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायसाठी स्वतः बनवलेला मॅक वापरतात. वेबसाइटवर टाकून कंपनी शोधत बसू नका, सापडणार नाही.

इलाज पाच मिनिटांचा. राउटरमध्ये पूल १०० ते २०० करा, सर्व्हर, प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन हे सगळं १०० च्या खाली, आणि मग राउटर बंद-चालू करून मोबाइलवाल्यांना वायफाय एकदा काढून लावायला सांगा, नाहीतर लीज (आयपी दिल्याची मुदत) संपेपर्यंत तो फोन १० सोडणार नाही. मोबाइलला गेस्ट वायफाय वेगळं दिलं तर उत्तमच, शेठ नाही म्हणाले तरी दोनदा विचारा.

आता थोडं कडू. "फायरवॉल बंद कर, चालेल" असं सांगणारा सिनियर भेटेल, चालतंही, कारण लाइट गेल्यावर विंडोजने नेटवर्क पब्लिक धरलेलं असतं आणि शेअरिंग अडवलेलं असतं. पण मग प्रोफाइल प्रायव्हेट करा ना, फायरवॉल कशाला मारता. आणि घरून बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून ठेवणारे जे आहेत त्यांच्या हाताखाली काही शिकू नका, रॅन्समवेअर त्याच दाराने येतं आणि सगळ्या शेअर फोल्डरवर फिरतं. पिंग चालतंय म्हणजे सगळं चालतंय हेही खोटं, शेअर फोल्डरला ४४५ पोर्ट लागतो, पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने तोच तपासा. पीसी विंडोज ११ च्या २४एच२ ला अपडेट झाल्यावर जुना नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) किंवा पासवर्ड नसलेला शेअर उघडेनासा झाला असेल तर केबल हलवू नका, तिथे गेस्ट ॲक्सेस (पासवर्डशिवाय प्रवेश) बंद आणि साइनिंग (प्रत्येक मेसेजवरची डिजिटल सही) सक्तीचं झालंय, शेअरला युजर-पासवर्ड द्या, नॅस फारच जुना असेल तर त्याचं फर्मवेअरही बघा.

सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंग सर्टिफिकेट) करायचं तर करा, वाया जात नाही, पण सबनेटिंगचं टेबल पाठ करणाऱ्यापेक्षा राउटरच्या पेजवर पूल कुठून कुठपर्यंत आहे ते आधी बघणारा पोरगा मला कामाला जास्त आवडतो.

तुम्ही पोचायच्या आत मॅडमनी रिस्टार्ट करून टाकलेलाच असतो, तर घाबरू नका, त्यांच्यावर चिडूही नका, त्यांची जीएसटीची तारीख असते. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम लॉग, सोर्स टीसीपीआयपी, इव्हेंट आयडी ४१९९. कॉन्फ्लिक्ट झाला असेल तर वेळेसकट नोंद सापडते आणि समोरच्याचा मॅकसुद्धा त्यात लिहिलेला असतो, तो राउटरच्या क्लायंट लिस्टमध्ये जुळवा, फोनचं नाव तिथे बहुतेक वेळा दिसतंच.