पावसाळ्यापूर्वी बीम बदलाची तयारी : कोल्हापुरातील उपग्रह टर्मिनलसाठी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात सर्वांना पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कितीतरी गावांचा संपर्क तुटला होता. त्यामुळे ५जीच्या उपग्रह जोडणीवर चालणारे टर्मिनल (उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करणारे उपकरण) पूरकाळासाठी ठेवायचे असेल, तर त्याची तयारी मे महिन्यातच पूर्ण झाली पाहिजे. या तयारीत सर्वाधिक वेळ बीम बदलाला, म्हणजे उपग्रहाच्या एका झोतातून (बीममधून) दुसऱ्या झोतात जाण्याला, द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सुमारे ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने जातो. त्याचा झोत उपग्रहाबरोबरच जमिनीवरून सरकत असेल आणि ५० किलोमीटर रुंद असेल, तर तो आपल्या डोक्यावरून साधारण सात सेकंदांत निघून जातो. टर्मिनल गच्चीवर स्थिर असले, तरी बदल टळत नाही.

प्रथम जागा निश्चित करावी. पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर आड येईल ही शंका नेहमी विचारली जाते. परंतु सुमारे २० किलोमीटरवरचा, भोवतालच्या प्रदेशाहून ४०० मीटर उंच असलेला पन्हाळा शहरातून क्षितिजाच्या वर जेमतेम एक अंश दिसतो आणि जोडणी तर साधारण १० अंशांच्या वरच धरायची असते. खरा अडथळा शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड यांचा असतो, म्हणून गच्चीवर उभे राहून चारही दिशांचे अडथळे अंशांत मोजून कागदावर उतरवावेत. गगनबावड्यासारख्या ठिकाणी मात्र डोंगर अगदी जवळ असतात, तेव्हा हे मोजमाप तेथे नव्याने करावे.

त्यानंतर कक्षेची माहिती आणि वेळ तपासावी. टर्मिनल स्वतःचे जीपीएस स्थान आणि उपग्रहाने प्रसारित केलेली कक्षा यांवरून संदेशाचा विलंब व डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) आधीच भरून काढते. २ गिगाहर्ट्झला हा डॉप्लर ४८ किलोहर्ट्झच्या आसपास जाऊ शकतो. कक्षेच्या या माहितीला मुदत असते. थ्रीजीपीपी या मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीत ती ५ ते ९०० सेकंदांच्या दरम्यान ठरवता येते. मुदत संपली की टर्मिनलला प्रक्षेपण थांबवून माहिती पुन्हा वाचावी लागते. मुदत संपणे आणि बीम बदलणे एकाच क्षणी येणार नाही, हे आधीच हिशेब करून पाहावे.

सर्वांत जास्त काळजी जाळ्याच्या मांडणीत घ्यावी. एकाच सेलमधील (जाळ्याच्या एका क्षेत्रातील) प्रत्येक बीमला वेगळा बँडविड्थ भाग, म्हणजे वारंवारतेचा वेगळा पट्टा, नेमून दिला, तर बीम बदल म्हणजे हँडओव्हर (एका सेलकडून दुसऱ्या सेलकडे सोपवणूक) न राहता केवळ बँडविड्थ भागाची अदलाबदल होते आणि शेजारच्या बीमचा व्यत्ययही कमी होतो. पण एका टर्मिनलला एका सेलमध्ये असे चारच भाग नेमता येतात, त्यामुळे झोत पुढे सरकतील तशी नवी नेमणूक आधीच पाठवण्याची सोय हवी. माझ्या अनुभवात एक चूक वारंवार होते. निष्क्रियतेचा टायमर (डेटाची देवाणघेवाण थांबल्यापासून मोजला जाणारा ठरावीक काळ) संपला की टर्मिनल मूळ भागावर परतते, आणि तो भाग तोपर्यंत निघून गेलेल्या बीमचा असू शकतो. म्हणून हा टायमर बीम डोक्यावर राहण्याच्या काळाशी ताडून पाहिल्याशिवाय मंजूर करू नये. शिवाय एका झोताच्या कडेवरील सर्व टर्मिनलना बदलाचा संदेश जवळजवळ एकाच वेळी द्यावा लागतो आणि जाण्यायेण्याचा विलंब कमाल २६ मिलिसेकंदांच्या जवळ पोहोचतो. आदेश तेवढा आधी निघाला पाहिजे.

दुसऱ्या उपग्रहाकडे जाताना मात्र हँडओव्हर लागतोच. जमिनीवरच्या मनोऱ्यापासून दूर गेल्यावर सिग्नल जसा ठळक घसरतो, तसा तो झोताच्या मध्यापासून कडेपर्यंत घसरत नाही, त्यामुळे केवळ सिग्नलच्या मोजमापावर विसंबू नये. ठरलेली वेळ आणि जमिनीवरील ठरलेल्या संदर्भबिंदूपासूनचे अंतर या दोन अटी टर्मिनलला आधीच देऊन ठेवाव्यात. एकाच उपग्रहातील बीम बदल आणि उपग्रह बदल यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण दुसऱ्यात विलंब आणि डॉप्लर दोन्ही एकदम बदलतात.

पर्यायी जोडणी म्हणून भूस्थिर उपग्रह (जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा) विचारात घ्यावा. जीसॅट-११ हा भारताचा दळणवळण उपग्रह ७४ अंश पूर्वेला, म्हणजे जवळजवळ कोल्हापूरच्याच रेखांशावर आहे. अँटेना थेट दक्षिणेकडे, सुमारे ७० अंश वर धरावी लागते. त्याचे वापरकर्त्यांसाठीचे ३२ बीम स्थिर असल्याने गच्चीवरच्या टर्मिनलला ते बदलावे लागत नाहीत, पण जाण्यायेण्याचा विलंब अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो आणि त्याच्या केयू या उच्च वारंवारतेच्या बँडला मुसळधार पाऊस बाधतो. लागणारे परवाने आधीच घ्यावेत, बॅटरी पुराच्या पातळीच्या वर ठेवावी.

शेवटी मृगाच्या पहिल्या पावसात सलग एक दिवस रंगीत तालीम घ्यावी आणि प्रत्येक बदलाची अपेक्षित वेळ, प्रत्यक्ष वेळ व मधली खंडितता एका तक्त्यात लिहावी. ज्या ओळीत पहिल्या दोन वेळा जुळत नाहीत, तेथे आधी घड्याळ, मग कक्षेची मुदत आणि त्यानंतरच अँटेना तपासावी.