एका बँडचे दोन गायक कसे तोलावेत: फेट्स वॉर्निंगची दोन पर्वे

जुना गायक चांगला की नवा, हा वाद प्रोग्रेसिव्ह मेटलच्या, म्हणजे गुंतागुंतीच्या रचना असलेल्या हेवी मेटल संगीताच्या, श्रोत्यांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि बहुतेक वेळा तो गायकांबद्दल नसतोच. गायक बदलतो त्या सुमारास ड्रमरही बदललेला असतो, ध्वनिमुद्रणाची पद्धत बदललेली असते, रचना करणारा गिटारवादक वयाने आणि विचाराने पुढे गेलेला असतो. श्रोता मात्र हा सगळा फरक एकट्या गळ्याच्या खात्यावर मांडतो. म्हणून तुलना करण्याआधी गायकाव्यतिरिक्त काय काय बदलले, हे वेगळे काढता आले पाहिजे.

त्यासाठी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील फेट्स वॉर्निंग या बँडसारखे उदाहरण क्वचितच सापडेल. जॉन आर्च हे १९८४ ते १९८६ या काळातील पहिल्या तीन अल्बमचे गायक, तर १९८८ च्या ‘नो एक्झिट’पासून रे ऑल्डर. गिटारवादक जिम मॅथिओस दोन्ही पर्वांत आहेत. दोन्ही गायकांच्या चाहत्यांचे तट अजून टिकून आहेत.

सुरुवात कागद घेऊन करावी. प्रत्येक अल्बमसमोर वर्ष आणि त्यावर वाजवणाऱ्या सर्वांची नावे लिहावीत. हे काम रुक्ष वाटते, पण तुलनेचा पाया तेच आहे. अशी यादी केली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: १९८६ च्या ‘अवेकन द गार्डियन’वर आर्च यांच्यासोबत मॅथिओस, फ्रँक अरेस्टी, जो डिबियासी आणि स्टीव्ह झिमरमन आहेत, आणि दोन वर्षांनंतरच्या ‘नो एक्झिट’वरही नेमके हेच चौघे आहेत. बदलला तो फक्त गायक. अनेक जण १९८६ च्या आर्चसमोर १९९१ च्या ‘पॅरलल्स’मधला ऑल्डर ठेवतात, पण तोवर ड्रमवर मार्क झोंडर आलेले होते आणि रचनाही आटोपशीर, मोकळ्या झाल्या होत्या, त्यामुळे ती तुलना दोन गळ्यांची न राहता दोन काळांची होते.

दुसरे काम आवाजाच्या पातळीचे. जे मुद्रण थोडे मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि नव्या मुद्रणांची पातळी जुन्यांपेक्षा सहसा वरची असते. म्हणून प्रत्येक वेळी आवाज कमी-जास्त करून दोन्ही गाणी सारख्या पातळीवर आणावीत. एका गायकाचे मैफलीतले मुद्रण दुसऱ्याच्या स्टुडिओतल्या मुद्रणासमोर ठेवू नये.

आता प्रत्यक्ष ऐकणे. ‘अवेकन द गार्डियन’ आणि ‘नो एक्झिट’ हे दोन्ही अल्बम तीनदा ऐकावेत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात ठेवावा. पहिल्या वेळी फक्त आवाजाची जात ऐकावी. आर्च यांचा आवाज पातळ, टोकदार आणि किंचित नाकातला. तो तार सप्तकातच वस्तीला असतो आणि अनेकदा स्वतःच्याच एकावर एक मुद्रित केलेल्या आवाजांची साथ घेतो. ‘नो एक्झिट’मधले ऑल्डरही तितकेच वर जातात, पण त्यांचा आवाज भरीव आहे आणि लांबवलेले स्वर ते ठामपणे धरून ठेवतात. म्हणजे ‘आर्च उंच गातो, ऑल्डर खाली गातो’ हे प्रचलित वर्णन पहिल्याच कसोटीवर कमी पडते.

दुसऱ्या वेळी शब्द आणि मात्रा यांचे नाते ऐकावे. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. विषम मात्रांच्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, गाताना आर्च रिफचा हात धरत नाहीत. त्यांची ओळ मधूनच सुरू होते, समेवरून सरकून पुढे जाते आणि गिटारने वळण घेतल्यानंतर केव्हातरी संपते. ‘अवेकन द गार्डियन’मधले ‘गार्डियन’ हे गाणे हाताने मात्रा मोजत ऐकावे, म्हणजे हे स्पष्ट कळते. ऑल्डर रिफच्या ठेवणीत शब्द बसवतात, त्यामुळे त्यांच्या ओळी चटकन लक्षात राहतात आणि रचना कितीही अवघड असली तरी श्रोत्याला धरायला आधार मिळतो.

तिसऱ्या वेळी शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे पाहावे. आर्च आपले शब्द आणि गाण्याची चाल स्वतःच रचत. ऑल्डर आले तेव्हा शब्दांचा भार मुख्यतः मॅथिओस यांनी उचलला. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीला अर्थ देणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि ऑल्डर यांना त्याचे श्रेय पुरेसे मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

यानंतर जे हाती लागेल ते दुसऱ्या जोडीवर तपासावे. २०११ मध्ये आर्च आणि मॅथिओस यांनी दोघांच्या नावाने ‘सिम्पथेटिक रेझोनन्स’ काढला. त्यावर अरेस्टी, जोई व्हेरा आणि बॉबी जर्झोम्बेक आहेत. २०१३ मध्ये फेट्स वॉर्निंगचा ‘डार्कनेस इन अ डिफरंट लाइट’ आला, आणि त्यावर मॅथिओससह हेच वादक आहेत, गायक ऑल्डर. दोन्हींत सुमारे १४ मिनिटांची एकेक दीर्घ रचना आहे: पहिल्यात ‘स्टेन्ड ग्लास स्काय’, दुसऱ्यात ‘अँड येट इट मूव्ह्ज’. या दोन पाठोपाठ ऐकाव्यात. आर्च पंचवीस वर्षांनीही त्याच वळणावळणाच्या ओळी गातात, म्हणजे ती गायकी ऐंशीच्या दशकाची नव्हे, त्यांची स्वतःची आहे. ऑल्डर यांचा आवाज मात्र मधल्या काळात खाली उतरून गडद झाला आहे. ते आता स्वर राखून वापरतात आणि जिथे पूर्वी किंचाळी आली असती तिथे थांबतात. एका गायकाने स्वतःला जपले, दुसऱ्याने स्वतःला घडवत नेले, हा फरक पहिल्या जोडीत ऐकू येणे शक्यच नव्हते.

शेवटी प्रत्येक गायकाची तुलना त्याच्याशीच करावी. २०१६ मध्ये ‘अवेकन द गार्डियन’चे पाचही जण जर्मनीत आणि अटलांटात पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी तो अल्बम संपूर्ण सादर केला, त्याचे मुद्रण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे आर्च यांच्या गळ्यातून तीस वर्षांनी काय निसटले आणि काय टिकले, हे वरच्या तीन प्रश्नांनीच नोंदवावे. ऑल्डर यांच्यासाठी ‘नो एक्झिट’, १९९७ चा ‘अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे’ आणि २०२० चा ‘लाँग डे गुड नाइट’ असे तीन टप्पे पुरेत. मत लिहायला बसावे ते ही सगळी नोंद समोर असताना, आणि प्रत्येक विधानाशेजारी ते कोणत्या गाण्यावरून केले, ते लिहावे.