महागडा लॅपटॉप रोजच्या वापरासाठी घ्यावा का? आधी आठवडाभर हे करून पाहा

महागडा लॅपटॉप हातात घेतला की आवडतोच. धातूचं अंग, बारीक कडा, उजळ पडदा. म्हणूनच हा निर्णय दुकानात उभं राहून घेऊ नका. सध्याच्या लॅपटॉपवर काम करता करता घ्या.

१. आठवडाभर नोंद ठेवा. लॅपटॉप किती तास वापरला, त्यातला किती वेळ चार्जरशिवाय, किती वेळा पिशवीत घालून नेला आणि नेमका कशाचा वैताग आला, एवढं रोज रात्री लिहा. चौथी नोंद सगळ्यात मोलाची. ‘स्लो आहे’ असं मोघम नको. ‘वीस टॅब उघडे होते, व्हिडिओ कॉल अडकला’ असं लिहा.

२. अडकला की तिथेच कारण बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) अपुरी आहे. डिस्क सारखी १०० टक्के दाखवत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवण) बसवल्यावर तोच लॅपटॉप इतका वेगवान होईल की ओळखू येणार नाही. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख पाहा. हिरवा असेल तर मेमरीची अडचण नाही. जुन्याच लॅपटॉपमधली ही अडचण सुटली, तर बऱ्याच जणांचा नव्याचा शोध इथेच थांबतो, आणि थांबावा.

३. जादा पैसे कशाचे, ते ओळखा. वेगाचे फारसे नाहीत. ब्राउझर, कागदपत्रं, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओ कॉल या कामांना १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला मध्यम किमतीचा लॅपटॉप पुरतो. महागड्यात ही कामं जाणवण्याइतकी लवकर होत नाहीत. पैसे जातात ते डोळे, बोटं आणि खांदा यांच्या सुखासाठी. स्वस्त पडद्याची उजळता बहुधा २५० ते ३०० निट्स (उजळता मोजायचं एकक) असते. खिडकीजवळ बसणाऱ्याला ४०० तरी हवेत. माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) दिसलं, तर रंग फिकट दिसणार हे धरून चाला. कीबोर्ड, टचपॅड, बिजागरी, पंख्याचा आवाज, दिवसभर टिकणारी बॅटरी, सव्वा किलोच्या आसपासचं वजन: महागडा लॅपटॉप इथे खरोखर उजवा ठरतो. रोज सहा-सात तास टाइप करणाऱ्याने याला चैन समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण नोंदीत लॅपटॉप सदानकदा टेबलावर आणि चार्जरलाच दिसला, तर वजन आणि बॅटरीचे पैसे वाया. मध्यम लॅपटॉप, चांगला मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड घ्या. मानेलाही बरं.

४. हातात घेऊन तपासा. एका बोटाने झाकण उघडून बघा. पानभर मजकूर टाइप करा. कीबोर्डच्या मधोमध दाबून तो खचतो का पाहा. दुकानात पडदा पूर्ण उजळ ठेवलेला असतो, तो निम्म्यावर आणा.

५. वर्षांचा हिशेब मांडा. किंमत भागिले वापराची वर्षं. मात्र नुसतं अंग मजबूत असून भागत नाही. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप मागे पडले. शिवाय अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आणि सध्याच्या सगळ्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचा महागडा लॅपटॉप ही सगळ्यात वाईट खरेदी. बजेट ताणावं लागत असेल तर त्याच कंपनीचं मागच्या वर्षीचं, १६ जीबीचं मॉडेल बघा. कीबोर्ड आणि पडदा पुष्कळदा तोच असतो.

घेतलाच, आणि परतीची मुदत असेल, तर खोकं जपून ठेवा आणि त्या दिवसांत नोंदींची वही पुन्हा उघडा. जुन्या पानावरचा वैताग नव्या लॅपटॉपवरही लिहावा लागला, तर मुदत संपायच्या आत तो परत करा.